झिरो बघा

सोळा वर्षं एकच वाक्य म्हणत आलो
वाशी नाक्याच्या पंपावर:
झिरो बघा, साहेब.
कुणी बघायचं नाही.
काच अर्धी खाली, पाचशेची नोट बाहेर,
साहेब फोनमध्ये.

आता नळीला पाटी लटकलीय, माझ्याच अक्षरातली.
‘आज साठा नाही.’
चौथ्या आठवड्यात त्यातला ‘आज’ पुसला.

माहुलच्या धुरांड्यावरची ज्योत विझली
त्या रात्री चाळीत कुणाचा डोळा लागेना.
उजेड गेला म्हणून नव्हे, जयू म्हणाली,
वास गेला म्हणून.
जन्मभर शिव्या घातल्या ज्या वासाला
तो नाही, तर आपलंच नाक परकं वाटतंय.

मालकाने कामावरून काढलं नाही,
पगारही दिला नाही. म्हणाला, हवेचं मशीन तुझं.
मशीनला वीज लागते. वीज चार तास.
म्हणून कुंजुमोनचा पायपंप.
तो गावी गेला, टपरी माझ्यावर टाकून,
आणि जायच्या आदल्या रात्री शिकवून गेला:
ट्यूब पाण्यात धर. बुडबुड्याला घाई करू नको.
काचपेपर मार. सोल्युशन लाव.
आणि थांब.
बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ.
तुम लोग गीला चिपकाता है,
इसलिए सुबह फिर बैठ जाता है.

पहिल्या आठवड्यातली माझी सगळी ठिगळं
सकाळी बसली.
दुसऱ्या आठवड्यात बोट शहाणं झालं.
तिसऱ्यात सोल्युशनच संपलं,
तेही तेलातूनच येतं म्हणे.
मग टायरात चिंध्या ठासल्या, जुन्या साडीच्या.
सायकल चालते. उंटासारखी, पण चालते.

खाडीवर हाशा तांडेल शीड शिवतोय.
डिझेलच्या होड्या चिखलात कुशीवर पडल्यात.
कापड कुठलं आणणार? फ्लेक्स उसवले नाक्यावरचे.
त्याच्या शिडावर कुठल्याशा नेत्याचा अर्धा चेहरा
आणि ‘हार्दिक शुभे’.
मी हसलो तर म्हातारा सुई दातात धरून म्हणाला,
वारा रेशनवर नाय मिलत, पोरा. दोरी धर.
दोरी धरली. तळहात सोलला.
गाठ कुठली मारायची ते अजून जमत नाही,
तो मारतो, मी बघतो, घरी येऊन चुकतो.

काल एक साहेब आले. तेच.
पांढरी गाडी असायची. आता भाच्याची सायकल,
गुलाबी, पुढे टोपली.
मी घमेल्यात पाणी ओतलं, म्हटलं, बसा. तुम्हीच शोधा.
उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले.
ट्यूब फिरवत, फिरवत,
आणि एकदम लहान पोरासारखे ओरडले,
इथे! इथे!
सोळा वर्षांत पहिल्यांदा
मी दाखवलेल्या जागी त्यांनी पाहिलं.

जयूने दिवसाचं गणित बदललंय.
भाताला एक उकळी, की पातेलं गोधडीत गुंडाळून
कोपऱ्यात निजवते.
बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलायचं,
झाकण उघडायचं नाही. तासाभराने भात जागा होतो.

आज तिने सुताराच्या दुकानातून पोतंभर भुसा आणला.
रंगाचा डबा, बुडाशी एक भोक, त्यातून आडवी काठी,
मधे उभी बाटली,
आणि भोवती भुसा, मुठीने दाबून दाबून.
मग काठी ओढली. बाटली अलगद फिरवत वर काढली.
ढासळलं.
दुसऱ्यांदा ढासळलं.
मी म्हटलं, जास्त भर. ती म्हणाली,
भरून नाही होत, मधलं रिकामं टिकायला हवं,
जाळ तिथूनच चढतो.
तिसऱ्यांदा भुशाला पाण्याचा हात लावला तिने.
बाटली निघाली. भिंत राहिली.
मधोमध गोल, काळं, स्वच्छ भोक.

बघ, म्हणाली.

खालून काडी लावली.
चहा झाला, पिठलं झालं,
शेजारच्या बाळाचं अंघोळीचं पाणी झालं.
मध्यरात्री उठून मी डब्यावर वाकलो.
आत अजून लाल होतं.